सावित्रीच्या दोन टोकांचे स्कॉटिश लोक



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त नातवाच्या एका प्रश्नाचे.

माझी धाकटी लेक स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा शहरात राहते. तिचा मुलगा दहा वर्षांचा. दर रविवारी आमच्या संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मी मराठीत विचारतो, नातू इंग्रजीत उत्तर देतो आणि माझी लेक मधे बसून दुभाष्याचे काम करते. त्याला मराठी समजते, पण बोलत नाही. हे शल्य मी फारसे उघड करत नाही, पण मराठीच्या मास्तराचा नातू म्हटल्यावर ते असणारच.

त्या रविवारी स्वारी खुशीत होती. शाळेची सहल "आर्थर्स सीट" नावाच्या टेकडीवर गेली होती. एडिंबरा शहराच्या अगदी मधोमध ही टेकडी आहे. त्याला एकदम आठवले की पोलादपूरला आला होता तेव्हा आम्ही त्याला महाबळेश्वरला नेऊन असेच नाव असलेली जागा दाखवली होती. त्याने विचारले, आधी कोणाची? तुमची की आमची?

"तुमची" आणि "आमची" हे शब्द मला जरा टोचले. पण प्रश्न मात्र पक्का इतिहासाचा. तीस-बत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवून झाल्यावर असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी घरातच निघाला, याचा आनंद वेगळाच. तेव्हा तोंडी काहीतरी उत्तर दिले, पण समाधान झाले नाही. पुढचे दोन आठवडे जुनी पुस्तके आणि टिपणे काढून बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहितो आहे. लेकीने ते वाचून त्याला समजावून सांगावे, अशी योजना आहे.

आधी टेकडीचे पाहू. एडिंबराची आर्थर्स सीट म्हणजे एक फार जुना, विझलेला ज्वालामुखी. उंची २५१ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाआठशे फूट. ते नाव शेकडो वर्षांपासूनचे. आमची आर्थर सीट सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर, आणि नाव इंग्रजी अमलातले, म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या आसपासचे. तेव्हा नाव आधी त्यांचे, हे कबूल करावे लागले. उंचीत मात्र आपण त्यांना बरेच मागे टाकतो! आणखी एक साम्य म्हणजे दोन्ही ठिकाणचा खडक ज्वालामुखीचाच. त्यांचा कितीतरी जुना, आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

गंमत म्हणजे आमच्या आर्थर सीटला नाव देणारा आर्थर कोण, याच्या दोन गोष्टी सांगतात. गाइड लोक सांगतात ती मॅलेट साहेबाची. त्याची बायको आणि तान्ही मुलगी खाली सावित्री नदीत होडी उलटून बुडाली, म्हणून तो या कड्यावर बसून त्या नदीकडे बघत राही. गॅझेटियरवाले सांगतात की १८४२ ते १८४६ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉर्ज आर्थर यांच्यावरून हे नाव पडले. पर्यटकांना अर्थातच पहिली गोष्ट आवडते. यांपैकी सर जॉर्ज तर स्कॉटिश नव्हतेच, ते इंग्लंडातल्या प्लिमथचे. म्हणजे नाव एडिंबराच्या टेकडीचे आणि माणूस भलत्याच गावचा.

इथेच लेख संपला असता. पण पुस्तके चाळता चाळता लक्षात आले की आमच्या सावित्री नदीच्या दोन्ही टोकांना खरोखरच स्कॉटिश लोक येऊन राहिले होते. उगमापाशी एक जात, मुखापाशी दुसरी. आणि दोघांची ये-जा आमच्या पोलादपुरावरून होत असे.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सावित्री उगम पावते जुन्या महाबळेश्वरात. तिथून ती कड्यावरून थेट कोकणात उडी घेते, पोलादपूर आणि महाड ओलांडते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. रेल्वे आणि मोटारी येण्यापूर्वी मुंबईच्या साहेबाला महाबळेश्वरी जायचे झाले, तर एक वाट अशी होती : मुंबईहून गलबताने बाणकोट, भरतीबरोबर होडीने खाडीतून दासगाव-महाड, पुढे पालखीत बसून पोलादपूर आणि तिथून घाट चढून वर. पालखी अर्थातच आपल्याच लोकांच्या खांद्यावर. वरची जुनी वाट रडतोंडी घाटाची. अफजलखान १६५९ साली जावळीत उतरला तो याच घाटाने, असे आपण शिकलो आहोत. चढताना माणसाला रडू यावे म्हणून रडतोंडी. माल्कम साहेबाच्या काळात ही वाट सुधारली आणि इंग्रजी कागदांत तिचे नाव झाले "रोटुंडा"! इंग्रजीत रोटुंडा म्हणजे गोल घुमटाची इमारत. आता या घाटात घुमट कुठला? पण साहेबाच्या जिभेला रडतोंडी जमले नाही, त्याला काय करणार. पुढे १८७० च्या दशकात आंबेनळी घाटाचा रस्ता झाला, त्यालाही एका गव्हर्नराचे, फिट्झगेराल्डचे, नाव मिळाले. आज एस. टी. वाला विचारा की प्रवासी विचारा, सगळे म्हणतात आंबेनळी.

आता उगमापाशी बसलेला स्कॉटिश माणूस. सर जॉन माल्कम. जन्म १७६९, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ लँगहोम नावाच्या गावालगत. भावंडे एकूण सतरा! घरची शेती बेताची. पोरांनी करायचे काय? तेराव्या-चौदाव्या वर्षी हा मुलगा कंपनीच्या फौजेत भरती होऊन मद्रासला आला. पुढे इराणला वकील म्हणून गेला, इराणचा इतिहास लिहिला. १८१८ साली दुसरे बाजीराव शरण आले ते याच माल्कमला. १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून त्याने महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिले. तिथे जी पेठ वसवली तिचे नाव माल्कमपेठ. त्याच्या आधीचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तोही स्कॉटिश, त्याच्या नावाचा एक पॉइंट. केट्स पॉइंट माल्कमच्या मुलीवरून, असे सांगतात. त्याचे आपले नाव नाके खिंड. विल्सन पॉइंट मात्र फार पुढचा, १९२३ ते १९२८ च्या गव्हर्नराचा. ते मूळचे सिंदोला. असे एकेका डोंगराचे बारसे झाले. आधीची नावे पुसली जात आहेत, याची कुणाला खंत वाटल्याचे माझ्या वाचनात नाही.

२०१८ साली आम्ही उभयता लेकीकडे तीन महिने राहून आलो. जावईबापूंनी एक दिवस गाडी काढून आम्हाला लँगहोमला नेले. मीच हट्ट धरला होता. एडिंबराहून दक्षिणेकडे दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना बोडके हिरवे डोंगर आणि त्यावर मेंढ्या. गावाबाहेर व्हिटा नावाची टेकडी आहे. तिच्यावर शंभर फूट उंचीचा दगडी मनोरा उभा आहे, आकाशात सुई खोवावी तसा. तो माल्कमचा. टेकडी चढणे मला झेपले नाही, खालूनच पाहिले. वारा असा की टोपी हातात धरून उभे राहावे लागले.

तिथे उभा असताना मनात काही वेगळेच आले. हा मनोरा पाहून मला राग यायला हवा होता. ज्या माणसाने आमची पेशवाई उतरवून घेतली, आमच्या डोंगरावर आपले नाव टाकले, त्याचा हा मनोरा. पण डोळ्यांसमोर आला तो आमचाच तालुका. डोंगरउतारावरची तुकड्या-तुकड्यांची भातशेती आणि वरकस जमिनीतली नाचणी-वरी. एकेका घरात पाच-सहा भाऊ. एकाने शेत बघायचे, बाकीच्यांनी मुंबई गाठायची. गिरणी, गोदी, कुणाच्या तरी घरी कामाला. पोलादपूरच्या कितीतरी घरांत चूल मनिऑर्डरवर पेटत असे. लँगहोमच्या या मुलानेही तेच केले होते. फरक इतकाच की त्याच्या मागे कंपनीच्या तोफा होत्या आणि आमच्या चाकरमान्याच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक. फरक "इतकाच" म्हटले खरे, पण तो किती मोठा आहे हे इतिहासाच्या मास्तराने सांगायला नको.

माल्कम १८३० च्या अखेरीस विलायतेला परतला आणि १८३३ साली लंडनमध्ये वारला. साताऱ्याला राजकीय अधिकारी असलेला कॅप्टन ग्रँट डफ, तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या बॅन्फ गावचा. प्रकृती बिघडली म्हणून १८२३ साली मायदेशी गेला आणि तिथे बसून १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. सातारचे दप्तर वापरून लिहिलेला हा इतिहास आपण कितीतरी वर्षे प्रमाण मानला. १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने त्यातल्या चुका दाखवणारे टीकालेखन केले आणि तिथून आपल्या लोकांनी आपली कागदपत्रे आपण शोधायला सुरुवात केली. पुढे राजवाडे, खरे, सरदेसाई वगैरे मंडळी झाली. एका परक्याने आपला इतिहास लिहिला म्हणून आपल्याला तो लिहावासा वाटला, हेही खरे.

ही झाली वरची मंडळी. आता नदीच्या मुखाशी जाऊ.

बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे आला १७५६ मध्ये. पश्चिम किनाऱ्यावर मुंबईबाहेर त्यांच्या हाती आलेल्या पहिल्या जागांपैकी ही एक. किल्ल्याचे नाव त्यांनी ठेवले फोर्ट व्हिक्टोरिया. (राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा, तेव्हा हे नाव तिच्यावरून नाही, हे शाळेत मी मुलांना मुद्दाम सांगत असे.) १८२३ साली इथे स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस आला, डोनाल्ड मिचेल. पाद्र्याचा मुलगा. आधी कंपनीच्या फौजेत होता, नोकरी सोडून धर्मोपदेशक झाला. पुणे नुकतेच पेशव्यांकडून घेतलेले, तिथे धर्माच्या नावाने गडबड नको, म्हणून सरकारने या मंडळींना कोकणात बसवले. मिचेलला इथली हवा मानवली नाही. वर्षही पुरे झाले नाही, तोच तो वारला. त्याच्या मागोमाग जेम्स मिचेल, कूपर, क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन हे आले. बाणकोट आणि हर्णे ही त्यांची ठाणी.

या लोकांचे रोजचे जगणे कसे असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. कोकणातला पाऊस म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. चार महिने गलबते बंद. घरून निघालेले पत्र आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी हाती यायचे. म्हणजे आई आजारी असल्याचे कळायचे तेव्हा ती बरी तरी झालेली असायची नाहीतर गेलेली तरी. मलेरियाला औषध जेमतेम. बायका बाळंतपणात जात, मुले जगत नसत. आज माझी लेक दर रविवारी समोर दिसते, तरी तिच्या आईला वाटते की ती फार लांब आहे.

या मंडळींनी बाणकोटला बसून पहिली गोष्ट केली ती मराठी शिकण्याची. शास्त्री-पंतोजी गाठायचे, बाळबोध आणि मोडी गिरवायची, बाजारात जाऊन बोलायचे. मग गावोगाव शाळा काढल्या. पुढे जॉन विल्सन हा त्यांच्यातला सर्वांत मोठा माणूस आला. स्कॉटलंडच्या लॉडर गावचा, जन्म १८०४ चा. १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेटसह मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी मराठी शिकण्यासाठी या दोघांना बाणकोट-हर्णेलाच पाठवले होते. म्हणजे मुंबईच्या विल्सन कॉलेजचा जो विल्सन, त्याने "मी जातो, तू जातोस" गिरवले ते आमच्या सावित्रीच्या मुखाशी. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले, का ते सांगता येत नाही.

मार्गारेटबाई मराठी शिकल्या आणि मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. आपल्याकडे मुलीने पाटी हातात घेणे हे पाप मानत होते तो हा काळ. १८३५ साली त्या मुंबईतच वारल्या. अवघी सहा वर्षे मिळाली त्यांना. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आजही त्या कामाची आठवण आहे. स्टीव्हन्सन यांनी १८३३ साली मराठीचे व्याकरण इंग्रजीत लिहिले, पुढे सामवेदाचे भाषांतर केले, लेण्यांतले शिलालेख वाचायचा खटाटोप केला. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी कोशाची १८५७ ची आवृत्ती ज्यांच्याकडे असेल त्यांनी सुरुवातीची पाने पाहावीत. मोल्सवर्थ स्वतः इंग्रज, पण मराठी भाषेविषयीचा प्रास्ताविक निबंध विल्सन यांचा आहे. हा कोश मी नोकरीत असताना हप्त्याहप्त्याने पैसे साठवून घेतला होता. अजूनही कोकणातला एखादा जुना शब्द अडला की त्यातच सापडतो.

कुणी म्हणेल, मास्तर, हे लोक आपला धर्म बुडवायला आले होते आणि तुम्ही त्यांचे गोडवे गाता? हा आक्षेप खोटा नाही. त्यांचा हेतू तोच होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. आपल्या देवांबद्दल, चालीरीतींबद्दल त्यांनी जे लिहिले ते वाचताना आजही मला त्रास होतो. आपले लोकही गप्प बसले नव्हते. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली विल्सनशी जाहीर वाद घातला आणि पुस्तकही लिहिले. आमच्या कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद करत होते. हे वाद झाले मराठीतून. मिशनऱ्यांना आमच्या भाषेत यावे लागले आणि आम्हाला आमच्याच भाषेत नीट युक्तिवाद मांडावा लागला. मराठी गद्य घडले त्यात या भांडणांचाही वाटा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात शिकले ते स्कॉटिश मिशनच्याच शाळेत. बाणकोटचे हे मिशन पुढे पुण्याला गेले, त्याची ती शाळा. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, पण माणसामाणसांत भेद नसावा हा विचार घेऊन बाहेर पडले. त्यांना गुरू मानणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. बाणकोटही त्याच तालुक्यात. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते महाडला, म्हणजे पुन्हा सावित्रीकाठीच. याचे श्रेय मी स्कॉटिश पाद्र्यांना देत नाही. ते श्रेय ज्यांनी त्या दिवशी दगड-काठ्या खाल्ल्या त्यांचे. पण एक प्रश्न मला शिक्षक म्हणून नेहमी सतावतो. परका माणूस सातासमुद्रापलीकडून येऊन कुठल्याही जातीच्या मुलाला पाटीवर बसवतो आणि आमच्याच गावातले तळे आमच्याच माणसाला बंद असते. मग त्या काळात परका कोण होता?

महाडबद्दल आणखी एक. मुंबई-गोवा हायवेवरून जाताना महाडच्या अलीकडे डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसतात. आपण त्यांना पांडवांची लेणी म्हणून मोकळे झालो होतो. त्यांची नीट नोंद झाली ती १८८० च्या "केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया" या ग्रंथात. लेखक दोघे : जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस. दोघेही स्कॉटिश! पहिला एअर गावचा, दुसरा माल्कमच्याच डम्फ्रीसशायर परगण्यातला. तेव्हापासून मी म्हणायला लागलो आहे की या खोऱ्यात कुठलाही जुना दगड उलटा, खाली एखादा स्कॉटिश माणूस सापडेल.

आता हिशेब मांडायचा तर काय दिसते? वरच्या मंडळींनी डोंगरांना नावे दिली. माल्कमपेठ हे नाव आज जुन्या कागदांत शोधावे लागते. लोक महाबळेश्वरच म्हणतात. रोटुंडा गेले, रडतोंडी राहिले. फिट्झगेराल्ड गेला, आंबेनळी राहिली. आर्थर सीट टिकली आहे, पण हा आर्थर कोण हे कुणाला धड सांगता येत नाही. खालच्या मंडळींनी डोंगराला नाव दिले नाही. ते आमची भाषा शिकले आणि तिचे व्याकरण आणि कोश करताना खपले. ते काम अजून माझ्या टेबलावर आहे.

आणि विल्सन? तो १८७० साली स्कॉटलंडला गेला होता. तिथे त्याच्या चर्चने त्याला सर्वोच्च मानाचे पद दिले. वय पासष्ट. तिथेच राहता आले असते. पण हा गृहस्थ परत मुंबईला आला आणि १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच वारला. छेचाळीस वर्षांत त्याचे घर कुठले झाले होते, हे यावरून ओळखावे. आमच्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत लिहिणारे हे कवी मूळचे नेवाशाचे. पण आज ते पोलादपूरचेच. माणूस कुठला, हे तो कुठे जन्मला यावरून ठरवायचे की कुठे रमला यावरून, हा प्रश्न मला या समाधीपाशी नेहमी पडतो.

लेकीचाही असाच प्रश्न आहे. ती तिथे गणपती बसवते, मोदक करते, तांदळाची पिठी इथून जाते. तिच्या शेजारच्या आजीबाईंना पुरणपोळी माहीत आहे. त्या आजीबाईंचे इंग्रजी आम्हाला कळत नसे, लेकीला मात्र त्यांचे खास स्कॉटिश शब्दही कळतात. ती तिथली भाषा शिकली, तिथे रुजली, याचे मला मनापासून कौतुक आहे. तिने परत यावे असा माझा हट्ट आता उरलेला नाही. पण नातवाने मराठी बोलू नये हे मात्र गळी उतरत नाही. लॉडरच्या त्या विल्सनला पंचविसाव्या वर्षी मराठी शिकता आली, तर ज्याची आई मराठी त्याला का येऊ नये?

हे सगळे मी गेल्या रविवारी त्याला सांगितले. लेकीला मधे बोलू दिले नाही. सावकाश, सोप्या मराठीत सांगितले. रडतोंडीची गोष्ट त्याला सर्वांत आवडली. साहेबाला "रडतोंडी" म्हणता आले नाही, हे ऐकून खो खो हसला. मी म्हटले, "तू म्हणून दाखव बघू." म्हणाला, "रोटोंडी." त्याची आई हसली, मग तोही हसला. मी हसलो नाही. वर्गात कुणी चुकले तर मी कधी हसत नसे. फळ्यासारखा एक कागद कॅमेऱ्यापुढे धरला आणि त्यावर मोठ्या अक्षरात एकेक अक्षर लिहिले. र... ड... तों... डी. पाचव्या खेपेला त्याने म्हटले. अगदी चोख नाही, पण रोटुंडा नाही!

मग मी त्याला "ळ" दिला. साहेब लोकांनाही जड गेला असणार. फळ, केळं, बाळ, आभाळ. रोज दहा वेळा म्हणायचे, असा गृहपाठ आहे.

मे महिन्यात ती सगळी येणार आहेत. यावेळी महाबळेश्वरच्या गर्दीत जाणार नाही असे ठरवले आहे. बाणकोटला जायचे, बागमांडल्याहून वेश्वीच्या फेरीबोटीत बसून खाडी ओलांडायची आणि सावित्री समुद्राला मिळते ते त्याला दाखवायचे. तिथे उभे राहून तो "ळ" म्हणतो का ते बघू. काय होते ते इथे कळवीनच.

असो. लेख लांबला. मास्तरांची सवय...